संपूर्ण दप्तर

गंगाधर मास्तर सरकारी कागद कधी बसून वाचत नसत. टपालवाल्याने लखोटा हातात ठेवला की ते आधी वहाणा काढत, टोपी सरळ करत आणि उभ्यानेच एकदा मनात, एकदा मोठ्याने वाचत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही हुकूम मोडला नव्हता. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि आता उतारवयात असली हौस करायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

त्यांची शाळा सोलापूरच्या उगवतीला, गाव संपून शेतं सुरू होतात तिथे, मारुतीच्या देवळाच्या ओवऱ्यांत भरायची. चार इयत्ता, नव्वद मुलं आणि दोन मास्तर. दुसरे मास्तर म्हणजे वेणीमाधव, ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला तरुण. त्याला प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण' या शब्दाने करायची खोड होती. ओवऱ्यांचं छप्पर पावसाळ्यात असं गळायचं की मारुतीरायाला निराळी आंघोळ घालावी लागत नसे. म्हणून शाळेची रजिस्टरं, दाखले, आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नकला हे सगळं मास्तरांनी एका पत्र्याच्या पेटीत भरून आपल्या घरी फळीवर ठेवलं होतं. हजेरीचं तेवढं पुस्तक काखेत मारून ते शाळेत येत. त्या साऱ्या कागदांना शाळेत 'पेटी' हेच नाव पडलं होतं. "पेटीत बघून सांगतो," असं मास्तर म्हणाले की समोरचा समजून जायचा, उत्तर उद्या मिळणार.

श्रावणात एके दिवशी वरच्या कचेरीतून हुकूम आला. मास्तरांनी वहाणा काढल्या आणि वाचलं:

'शाळेचे संपूर्ण दप्तर रोज शाळेत हजर असावे. त्याचा कोणताही भाग घरी ठेविल्याचे आढळल्यास मुख्य मास्तरांस जबाबदार धरण्यात येईल.'

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला आणि मग समोर बसलेल्या पोरांकडे पाहिलं. अर्ध्यांच्या जवळ नुसत्या पाट्या होत्या. कुणी भूगोल घरी विसरला होता, तर कुणाच्या कित्त्याची वही म्हशीने चघळली होती. आजवर त्यांना हे सगळं चालत होतं. पण 'जबाबदार' हा शब्द त्यांनी तिसऱ्यांदा वाचला.

"उद्यापासून प्रत्येकाने संपूर्ण दप्तर आणायचं," त्यांनी जाहीर केलं. "रोज. घरी काही म्हणता काही ठेवायचं नाही."

"पण पंत," वेणीमाधव म्हणाला, "रोज सगळं कशाला? ज्या दिवशी जो विषय, त्या दिवशी ते पुस्तक आणलं तर?"

"संपूर्ण," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कागदावरच्या त्या शब्दाखाली बोट ठेवलं. कागदापुढे वेणीमाधवचाही 'पण' चालत नसे.

आता संपूर्ण दप्तर म्हणजे काय काय, ते ऐका. लाकडी चौकटीची दगडी पाटी, वाचनाचं पुस्तक, मोडीचं पुस्तक, अंकगणित, इतिहास, भूगोल, नकाशा, कित्त्याच्या दोन वह्या, चिनी मातीची दौत, टाक, रूळ आणि बसायला घडी घातलेलं गोणपाट. वर भाकरीचं फडकं वेगळंच. एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण भीती ही नायट्यासारखी, एकाची दुसऱ्याला लागते. मास्तर हुकमाला भ्याले, पोरं मास्तरांना भ्याली आणि आईबाप पोरांच्या नावाला बट्टा लागेल म्हणून भ्याले. 'कोणताही भाग' या दोन शब्दांचा अर्थ घरोघर असा लागला की मागल्या इयत्तेची पुस्तकंही दप्तरातच जमा. रोज प्रार्थना झाली की मास्तर ओळीने दप्तरं तपासत. कुणाचा टाक राहिला असेल तर ते पोर तसंच घरी पळत जाई. महिनाभरात सगळी शाळा अशी शिस्तीला लागली की मास्तरांनाच आपलं कौतुक वाटू लागलं.

त्या शाळेत दानम्मा नावाची मुलगी होती. चौथीत, नऊ वर्षांची. शेळगीच्या पलीकडच्या मळ्यातून दीड कोस चालत यायची. घरात कानडी बोलायची आणि शाळेत मराठी असं लिहायची की मास्तरांनी तिचा कित्ता भिंतीला डकवला होता. आखलेल्या रेघा नसल्या तरी तिची ओळ दोऱ्यासारखी सरळ जायची. त्या घराण्यात अक्षर ओळखणारी ती पहिलीच. "ही पोर पुढे मास्तरीण होणार," असं मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. स्वतःच्या मुलाबद्दलही त्यांनी असली भविष्यं कधी केली नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दानम्माची ओळ बिघडली. सुरुवात बरोबर व्हायची, पण चार शब्दांनंतर अक्षरं उताराला लागायची. मास्तरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सगळ्यांदेखत म्हणाले, "दानम्मा, ओळ लिहितेस की नाला?" पोरं हसली. दानम्मा हसली नाही. तिने पाटी पुसली आणि मान एका बाजूला कलती धरून पुन्हा लिहायला घेतलं. मान अशी का धरतेस, हे मास्तरांनी विचारलं नाही. हे न विचारणं पुढे त्यांना फार दिवस टोचत राहिलं.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी दुपारी दानम्माचा बाप शाळेत आला. गुरुसिद्धप्पा हा उंचापुरा शेतकरी, गळ्यात लिंग, खांद्यावर घोंगडी. आत न येता तो पायरीशीच उभा राहिला. मास्तर बाहेर आले.

"मास्तर, पोरीचं नाव काडा."

"का? लग्न ठरलं की काय?"

"लगीन कुटलं." त्याने घोंगडीचं टोक हातात चुरगाळलं. "पोरगी वाकडी व्हाय लागलीया. आंगुळ घालताना तिच्या आईनं बगितलं. उजवा खांदा वर, डावा खाली, आन् पाट अशी बाकदार. शेजारची मातारी म्हनती, कुबडाचा रोग हाय. वळसंगाकडं एका पोराला असंच झालं हुतं, ते वरसात गेलं."

मास्तर पायरी उतरून त्याच्या जवळ आले.

"शुक्रवारी अमावस्या हाय," गुरुसिद्धप्पा पुढे म्हणाला. "त्या दिवशी डाग द्यायचं ठरलंय. एक मातारा हाय, सळई तापवून पाटीवर पाच डाग देतो. जगली तर घरात ऱ्हाईल. शाळा आता तिच्या नशिबात न्हाय."

मास्तरांनी मागे वळून ओवरीत पाटीवर वाकलेल्या दानम्माकडे पाहिलं. त्यांची धाकटी बहीण गोदावरी अकरा वर्षांची होती तेव्हा तिच्या पाठीतलं एक हाड असंच वर आलं होतं. तिलाही डाग दिले होते. तिचं ओरडणं कानावर येऊ नये म्हणून चौदा वर्षांचा गंगाधर धान्याच्या कोठीत जाऊन बसला होता. तेराव्या वर्षी गोदावरी गेली. त्या गोष्टीला चाळीस वर्षं लोटली, पण अजून कुणी तापलेली सळई पाण्यात घातली की मास्तर तिथून उठून जात.

"गुरुसिद्धप्पा," ते शेवटी म्हणाले, "शुक्रवारला अजून चार दिवस आहेत. त्याआधी एकदा डॉक्टरला दाखवू. एकदाच. मग तुम्ही म्हणाल ते."

"पोरीची जात. बाप्या डॉक्टरला पाट कशी दावायची?"

"बाई आहेत. मी स्वतः येतो बरोबर."

गुरुसिद्धप्पाने गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग म्हणाला, "तुमी येताय म्हनून. न्हायतर मी आलो नसतो."

प्रभाबाई नावाच्या या डॉक्टरीणबाई पुण्याहून आल्याला दोन वर्षं झाली होती. त्यांच्या दवाखान्यात बहुतेक बाळंतिणी यायच्या. बुधवारी शाळा सुटल्यावर मास्तर, गुरुसिद्धप्पा आणि दानम्मा असे तिघे तिथे गेले. दानम्मा शाळेतून तशीच आली होती, दप्तरासकट. ते तिने कोपऱ्यात ठेवलं आणि बाईंच्या मागे पडद्याआड गेली. दोघे पुरुष बाहेर बाकावर बसले. मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

आतून बाईंचा आवाज येत होता. "पुढे वाक. आणखी. हात सोड. आता सांग, इथे दुखतं?"

"न्हाय."

"इथे?"

"न्हाय."

"आणि इथे?"

मास्तर मोजू लागले. माणसाच्या पाठीत मणके किती असतात हे त्यांनी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं होतं, पण त्या क्षणी त्यांना आकडा आठवेना. प्रत्येक 'न्हाय'ला ते श्वास सोडत आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा धरून ठेवत. गोदावरीने कुठल्या हाडाला ओरड केली होती, ते मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. तिथेही दानम्मा 'न्हाय' म्हणाली. मग बाईंनी ताप, खोकला, भूक, झोप सगळं विचारलं आणि पडदा सारला.

"कण्याला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

"हाडांचा क्षय?" मास्तर बाकावरून उठले.

"नाही."

"नक्की नाही?"

"मास्तर, पुढे वाकल्यावर पाठ सूत धरल्यासारखी सरळ होते. एकही हाड वर नाही, एकही दुखत नाही, अंगात ताप नाही. मी आणखी किती वेळा नाही म्हणू?"

गुरुसिद्धप्पाने दोन्ही हात जोडले आणि तसाच बाकावर बसून राहिला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण त्या कोठीतून बाहेर आलो.

"पण मग ती वाकडी का चालते?" बाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "बाळ, तू घरी निघतेस ना, तशी निघ बघू."

दानम्मा कोपऱ्यात गेली. दोन्ही हातांनी दप्तर उचलून तिने त्याचा बंद उजव्या खांद्यावर चढवला. खांदा वर गेला, कंबर डावीकडे झुकली, मान कलली आणि ती दाराकडे चालू लागली.

"थांब," बाई म्हणाल्या. "हे बघा तुमचं कुबड."

दवाखान्यात नवजात मुलं तोलायचा तराजू होता. बाईंनी दप्तर उतरवून त्या पारड्यात ठेवलं आणि वजनं टाकली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सहा शेर. या पारड्यात इतकं जड बाळ मी आजवर ठेवलेलं नाही. जुळी असती तरी एवढी भरली नसती." त्यांनी दानम्मालाही मोठ्या काट्यावर उभं केलं. ती चोवीस शेर भरली. "नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, ते हेच. रोज जाऊन-येऊन तीन कोस ही पोर जुळी खांद्याला लावून चालते, आणि तीही एकाच खांद्याला."

गुरुसिद्धप्पाने कपाळावर हात मारून घेतला. "बैलावर गोनी टाकताना आमी दोनी अंगाला सारकी टाकतो, बाई. एका अंगाला जास्ती झाली तर बैल वाकडा चालतो, हे माज्या बानं मला शिकीवलं. आन् पोरीच्या पाटीकडं मी बगितलंच न्हाय."

"एवढं सगळं रोज कशाला आणतेस गं?" बाईंनी दानम्माला विचारलं.

दानम्मा मास्तरांकडे बघत राहिली. तिला चहाडी करायची नव्हती.

"वरचा हुकूम आहे," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते त्यांच्याच कानाला फार हलकं लागलं.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण हे असंच वर्षभर चाललं तर आज मी जे 'नाही' म्हणतेय, ते पुढच्या वर्षी म्हणेनच असं नाही. वाढतं हाड आहे, जिकडे वाकवाल तिकडे वाकेल. दोन शेरांच्या वर काही द्यायचं नाही. तेही झोळीला दोन पट्टे लावून, दोन्ही खांद्यांवर. महिन्या-दीड महिन्यात पोर सरळ होईल. लिहून देऊ का?"

"द्या," मास्तर म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दानम्माचं दप्तर गुरुसिद्धप्पाच्या घोंगडीवर होतं आणि ती पुढे उड्या मारत चालली होती. गुरुसिद्धप्पा म्हणाला, "मास्तर, नाव काडू नका. आन् शुक्रवारी जेवायला या. सळई ठेवतो बाजूला, होळगी करतो." होळगी म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी. ज्या अमावस्येला डाग द्यायचा होता, त्या दिवशी त्या घरात पुरण शिजलं.

इथे गोष्ट संपती तर मास्तर सुखात राहिले असते. पण त्यांच्या एका खिशात बाईंची चिठ्ठी होती आणि दुसऱ्यात तो हुकूम. दानम्माला सूट द्यायची तर बाकीच्या एकोणनव्वदांच्या पाठी काय लाकडाच्या होत्या? आणि सगळ्यांना सूट द्यायची तर हुकूम मोडायचा. 'जबाबदार धरण्यात येईल.' पेन्शनला दोन वर्षं. घरी जाईपर्यंत त्यांनी दोन्ही खिसे चारचारदा चाचपले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर ते पोरांसमोर उभे राहिले.

"उद्यापासून ज्या दिवशी जो विषय, त्या दिवशी तेच पुस्तक आणायचं. पाट्या आणि दौती इथेच कोनाड्यात राहतील. मागल्या इयत्तेचं एक पान आणायचं नाही. आणि झोळीला दोन पट्टे लावायचे."

"पण पंत, हुकूम?" वेणीमाधवने हळूच विचारलं.

"हुकूम मी मोडला," मास्तर म्हणाले. म्हणून झाल्यावर ते फळ्यावर कोणत्या वारी कोणता विषय, ते लिहू लागले.

पोरांना खरंच वाटेना. दोन दिवस ती सवयीने सगळंच घेऊन आली. मग हळूहळू दप्तरं हलकी झाली. मळ्यांतून येणारी पोरं वाटेत पळू लागली, उशिरा येणाऱ्यांची संख्या घटली, आणि वेणीमाधवला मैदानात विटीदांडूचा डाव बसवता आला. मास्तर मात्र सुकत चालले. सायकलची घंटा वाजली तरी त्यांना दिपोटी आले असं वाटे. शाळा तपासणाऱ्या साहेबांना सगळे दिपोटीच म्हणत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेला, सगळं सोलापूर लोटलं, तिथेही मास्तरांनी पाळण्यापेक्षा पाहुण्यांच्या टोप्याच जास्त न्याहाळल्या.

माघात दिपोटी आले. टांग्यातून उतरले, मारुतीला नमस्कार केला आणि कामाला लागले. स्वभावाने गंभीर, पण वाईट नव्हेत. पहिलीकडून पाढे म्हणवून घेतले, तिसरीला नकाशावर भीमा नदी दाखवायला लावली. चौथीत आल्यावर म्हणाले, "कुणाचं अक्षर चांगलं आहे?"

सगळ्या पोरांनी दानम्माकडे बोट केलं. ती फळ्याशी गेली. साहेबांनी सांगितलेलं वाक्य तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहिलं. मास्तरांनी ओळ नंतर पाहिली, आधी खांदे पाहिले. दोन्ही खांदे एका पातळीत होते. काय व्हायचं ते होवो, असं त्या क्षणी त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"छान," दिपोटी म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी लेखणी काढली. "आता दप्तर दाखवा, मास्तर. कुठे आहे?"

मास्तर दोन पावलं पुढे आले.

"घरी आहे, साहेब."

"घरी? हुकूम पोचला नाही?"

"पोचला. पहिले चार महिने पाळला. नंतर मीच मोडला. पोरांची काही चूक नाही, माझ्या सहायकाची नाही. जबाबदार मीच आहे." त्यांनी बाईंची चिठ्ठी टेबलावर ठेवली. "नोकरी घ्या, साहेब. पण संपूर्ण दप्तर मी या पोरांना पुन्हा वाहायला लावणार नाही. एका पोरीची पाठ जाता जाता राहिली आहे."

दिपोटींनी चिठ्ठी वाचली. सहा शेर, चोवीस शेर, दोन पट्टे. मग मास्तरांकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं.

"रजिस्टरं पोरांकडून वाहून घेता?"

"रजिस्टरं? नाही, साहेब. पुस्तकं. पाट्या."

"मी शाळेचं दप्तर विचारतोय, मास्तर. जनरल रजिस्टर, दाखले, आवक-जावक."

"ती होय," मास्तर म्हणाले. "ती पेटी."

म्हटलं आणि त्यांना कळलं. खिशातून तो मळका कागद काढून त्यांनी पुन्हा वाचला, आयुष्यात पहिल्यांदाच वहाणा न काढता. अक्षर न् अक्षर तेच होतं. यात कुणी 'ध'चा 'मा' केलेला नव्हता. वाचणारा चुकला होता.

"एका मास्तरांच्या घरी उंदरांनी जनरल रजिस्टर खाल्लं," दिपोटी सावकाश सांगू लागले, "म्हणून तो हुकूम काढावा लागला. शाळेचे कागद शाळेत राहावेत, एवढंच." बोलता बोलता त्यांचा चेहरा हलू लागला. "म्हणजे जो हुकूम नव्हताच, तो तुम्ही चार महिने पाळलात आणि मग मोडलात. आणि जो होता, तो आजतागायत पाळलाच नाहीत."

आणि ते गंभीर गृहस्थ असे हसले की टांग्याचा घोडा बिचकला. वेणीमाधव हसू लपवायला खांबाआड गेला. मास्तरही हसले, सुटल्यासारखे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मात्र ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा असता तर एक वेळ चाललं असतं. इथे कळसा मास्तरांच्या फळीवर होता आणि वळसा नव्वद पोरांनी घातला होता, तोही ओझ्यासकट.

"जा, घेऊन या," दिपोटी म्हणाले. "मी बसतो. आणि ती चिठ्ठी मला द्या, तिची नक्कल इतर शाळांना पाठवावी म्हणतो."

मास्तरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. वेणीमाधव निघाला, तर मास्तरांनी त्याला बसवलं. "हे दप्तर माझं आहे," ते म्हणाले. त्यांनी स्वतः फळीवरून पेटी काढली, धूळ झटकली आणि उजव्या खांद्यावर घेतली. एकतीस वर्षांचे कागद होते. पहिल्या वळणावरच कंबर डावीकडे झुकली आणि मान कलली. एवढं वजन आपण याआधी कधी उचललं होतं, हे त्यांना आठवेना.

देवळाजवळ पोरं वाट बघत उभी होती. दानम्मा पळत पुढे आली आणि त्यांच्या शेजारून चालू लागली. तिने त्यांच्या खांद्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मास्तर, खांदा बदला की. न्हायतर मान अवघडती."

मास्तरांनी पेटी पायरीवर टेकवली, दम घेतला आणि दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिने त्यांना काही बोल लावला नव्हता, आपल्याला ठाऊक असलेलं सांगितलं होतं. तेच त्यांना जास्त लागलं.

दिपोटींनी रजिस्टरं तपासून सही केली आणि ते गेले. देवळाचं सामान हलवून पेटी मारुतीच्या पाठीमागच्या कोरड्या खोलीत ठेवली गेली. सुटीला अजून घटकाभर अवकाश होता. मास्तरांनी चौथीला पाट्या काढायला सांगितल्या आणि दानम्माला फळ्याशी बोलावलं.

"लिही," ते म्हणाले. "हुकूम बरोबर होता. मास्तर चुकले."

दानम्माने खडू हातात घेतला आणि ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, असं कसं लिवू?"

"मी सांगतोय तसं लिही. ओळ सरळ आली पाहिजे."

ती चवड्यांवर उभी राहिली आणि लिहू लागली. मास्तरांना आज ओळ तपासायची नव्हती. ते तिच्या मागे उभे राहून दोन्ही खांद्यांकडे बघत होते, आणि बाकीची पोरं आपापल्या पाटीवर ते वाक्य उतरवून घेत होती.